तीन पाडवे : साथीच्या काळातील फडाची व बारीची हकीगत

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा समाजाची उत्पत्ती, कुलदैवते किंवा पूर्वजांची कीर्ती यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु त्या विषयांवर जाणत्या मंडळींनी मागील अंकांतून भरपूर लिहिले आहे, आणि जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन जवळजवळ चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस धुळाक्षरे गिरवावयास लावणाऱ्या आमच्यासारख्याने त्यात भर ती काय घालावी ! म्हणून जे आम्ही डोळ्यांनी पाहिले, आणि ज्याची आठवण आताच लिहून ठेवली नाही तर दहा-वीस वर्षांत पुसली जाईल, तेच येथे मांडतो. विषय आहे साथीच्या रोगाचा. आणि पायांत चाळ बांधून पोट भरणाऱ्या आपल्या माणसांनी त्या साथीला कसे तोंड दिले, याचा.

नाचगाण्यावर जगणाऱ्याचा धंदा गर्दीवर चालतो. शेतकऱ्याला पाऊस लागतो, कोष्ट्याला सूत लागते, तशी आपल्याला माणसांची दाटी लागते. रोगाची साथ आली की पहिला घाला त्या दाटीवरच पडतो. बाजार काही काळाने उघडतो, गिरण्या सुरू होतात, शाळांची घंटाही वाजू लागते. जत्रा मात्र सर्वांच्या शेवटी भरते. म्हणजे बंद पडणाऱ्यांत आपण पहिले आणि उघडणाऱ्यांत शेवटचे.

पूर्वी असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गावात पटकीची साथ शिरली की जुन्या काळी लोक नाचणाऱ्याला हाकलीत नसत, उलट बोलावीत. मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत न्यावयाचा, पोतराजाने अंगावर कोरडे ओढीत पुढे नाचावयाचे, त्याच्या घरधनिणीने डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन साथ करावयाची, अशी रीत होती. पोतराज आपल्या ज्ञातीचा नव्हे. पण पायांत घुंगूर बांधणारा तो आपला भाऊच. त्या नाचाने पटकी गेली असे आज कोणी शहाणा म्हणणार नाही. दूषित पाण्याने होणारा तो रोग. तो विहिरीत औषध टाकल्याने गेला, कोरड्याने नव्हे. परंतु संकटसमयी गावाला नाचणाऱ्याची गरज वाटे, त्याला शेर-दोन शेर धान्य मिळे आणि गावगाड्यात त्याची एक जागा असे, एवढे खरे.

ही रीत मागे पडली ती प्लेगाच्या साथीपासून. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. लगोलग १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. घरझडत्या, रेल्वेच्या फलाटावर उतारूंची तपासणी, रोग्यांस व त्यांच्या सोबत्यांस निराळ्या छावण्यांत ठेवणे, हे सर्व त्यातूनच आले. मुंबईहून निघणारी हाजची यात्रासुद्धा त्या वर्षी बंद ठेविली. त्याच साली १० मार्च रोजी पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या, आणि जूनमध्ये रँडसाहेबाचा खून झाला. खेड्यांतून उंदीर पडू लागले की सारे गाव उठून माळावरच्या झोपड्यांत राहावयास जाई. गावच जेथे जागेवर नाही, तेथे जत्रा कोणाची आणि सुपारी कोणी द्यावी ? फिरस्त्याकडे संशयाने पाहण्याची सवय गावांना लागली ती याच काळात, असे आमचे मत आहे. सव्वाशे वर्षांनी हाच कायदा पुन्हा आपल्या वाट्यास आला, ते पुढे येईलच.

प्लेगानंतर वीस-एकवीस वर्षांनी आली ती मानमोडी. इंग्रजीत तिला इन्फ्ल्युएन्झा म्हणत. पण ज्या तापाने माणूस मान टाकी, त्याला आपल्या लोकांनी नाव दिले ते अगदी नेमके. १९१८ च्या उन्हाळ्याअखेर ती मुंबई बंदरात उतरली, पहिल्या फेरीत फारशी जाचली नाही, आणि पावसाळा सरता सरता दुप्पट बळाने परतली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. तो दिवस ऐन नवरात्राच्या तोंडावरचा. दसऱ्याला ढोलकी पुजून बाहेर पडावयाचे हा आपला परंपरेचा मुहूर्त, आणि त्याच सुमारास मृत्यू खेडोपाडी फिरू लागला. शिवाय त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात या साथीने किती माणसे नेली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आकडे सांगतात.

आमची आजी त्या वेळी बारा-तेरा वर्षांची होती. तिच्या आईची बारी दसऱ्यानंतर निघाली आणि तिसऱ्याच मुक्कामी वेशीवर अडली. गावकऱ्यांनी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. वेशीबाहेरच्या एका धोंड्यावर भाकऱ्यांची चळत ठेवली, पाण्याची घागर ठेवली, आणि लांबूनच सांगितले, "बाई, खा आणि पुढं व्हा. आत यायचं न्हाई." पुढच्या गावीही तेच. आजीची थोरली बहीण माळावर गेली. पाठोपाठ तुणतुणेवाला गेला. त्यांना मूठमाती देऊन उरलेली मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडावयास लागली. आजी हे सांगे तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नसे. ती एवढेच म्हणे की, "आईनं लुगडी विकली, बुगडी विकली; चाळ तेवढे विकले न्हाईत." त्या बहिणीचे नाव आजी सांगत असे. तुणतुणेवाल्याचे नाव मात्र तिलाही आठवत नव्हते.

वाईच्या यमुनाबाईंचे उदाहरण येथे सहज मनात येते. त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा. म्हणजे मानमोडीच्या वर्षी त्या पुरत्या तीन वर्षांच्याही नव्हत्या. त्या तापातून जे मूल वाचले, त्याने पुढे आपल्या लावणीला संगीत नाटक अकादमीचा सन्मान व पद्मश्री मिळवून दिली आणि १५ मे २०१८ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, देह ठेविला. एका साथीच्या अलीकडे जन्म आणि दुसरीच्या दीड-दोन वर्षे आधी मृत्यू ! मधल्या शंभर वर्षांत अशी महामारी पुन्हा आली नाही, म्हणून साथ आली म्हणजे काय करावयाचे हे आपण सारेच विसरलो होतो.

आता पहिल्या पाडव्याकडे येतो.

आपल्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी फडाचा हिशेब जवळून पाहिलेला नसेल. तो थोडा सांगितल्याशिवाय पुढचे कळावयाचे नाही. ढोलकी फड आणि संगीत बारी ही दोन निराळी कुळे आहेत. बारी म्हणजे दोन-तीन नाचणाऱ्या, एक ढोलकीवाला, एक तबलजी, एक पेटीवाला. मोडनिंब, चौफुला, जामखेड अशा ठिकाणच्या थिएटरांत एकापाठोपाठ एक बाऱ्या आपापला क्रम लावतात आणि मिळकतीचा वाटा थिएटरच्या मालकाकडे जातो. बारीवर मुख्यतः आपल्या कोल्हाटी समाजाच्या लेकींचाच संसार चालतो. फडाचे तसे नाही. फड हा कधीच एका ज्ञातीचा नव्हता. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड कोणाचा होता हे नावातच आहे. पठ्ठे बापूराव जन्माने कुलकर्णी आणि त्यांच्या पवळाबाई महार समाजाच्या. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसे, मालमोटारी, कनाती, राहुट्या, दिवे, असा एक चालता गावच असतो. त्यात आपलीही पुष्कळ मंडळी आहेत.

या चालत्या गावाचे अंदाजपत्रक असे : पावसाळ्याचे चार महिने धंदा बंद. त्या काळात घर चालावे म्हणून फडमालक कलावंतांस उचल देतो, आणि उचल देण्यासाठी तो स्वतः सावकाराकडून पैसा उचलतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तंबूतल्या तिकिटाच्या खेळांवर जेमतेम खर्च भागतो. खरी कमाई चैत्र-वैशाखातली. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे. पाडव्याच्या सुमारास तेथे प्रत्येक फडाची राहुटी लागते, वर नावाची पाटी, आत गादी-लोड आणि चोपडी. गावोगावची पंच मंडळी येतात, सौदा ठरतो, विडा दिला-घेतला जातो, आणि आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसाठी फड पक्का करून ती परततात. बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या या दीड महिन्यात वर्षाचे कर्ज फिटते. हा दीड महिना गेला की सारे वर्ष गेले.

२०२० साली पाडवा आला २५ मार्चला. त्याआधी १३ मार्च रोजी महाराष्ट्र सरकारने १८९७ च्या त्याच जुन्या कायद्याचा अंमल जाहीर केला होता. थिएटरे बंद झाली, जत्रांना मनाई झाली. २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी साऱ्या देशात एकवीस दिवसांची टाळेबंदी पुकारली, आणि ती लागू झाली तो दिवस पाडव्याचा. राहुट्या लागल्याच नाहीत. ज्यांनी आधीच विडे घेतले होते त्यांना ते परत करावे लागले. रोगाने दिवस निवडला असे आम्ही म्हणत नाही. पण फडावर सूड घ्यावयाचा म्हणून कोणी शत्रूने पंचांग उघडून बसावे, तरी याहून नेमका दिवस त्याला सापडला नसता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, ती हकीगत वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकली आहे. पण ती बंदी माणसांनी घातलेली होती. तिच्याविरुद्ध अर्ज करता आले, गाणी तपासून घेण्याचे मान्य करता आले आणि अखेर ती उठलीही. रोगापुढे अर्ज चालत नाही. शिवाय या वेळी बंदीला विरोध करावा असे आपल्या कोणाच्या मनातही नव्हते. आळंदी-देहूच्या पादुका त्या आषाढीस एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या. ज्ञानोबा-तुकोबांची वारी जेथे पायी निघाली नाही, तेथे आमचा फड उभा राहू द्या असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आपल्या लोकांनी नियम पाळला, आणि मुकाट्याने पाळला. ही गोष्ट कोणत्याही वर्तमानपत्राच्या मथळ्यात आली नाही, म्हणून येथे नमूद करतो.

घरी आलेल्या माणसांनी काय केले ? जे सुचले ते सर्व. कोणी कांद्याच्या काढणीला गेले, कोणी भाजीची हातगाडी लाविली, कोणी ऊसतोडीच्या टोळीत नाव घातले. वगात राजा होणारा एक गृहस्थ आम्ही विटांच्या भट्टीवर पाहिला; आमची ओळख लागताच त्याने तोंडावरचा फडका आणखी वर ओढून घेतला. आमच्या शेजारच्या वस्तीतील एका बारीच्या बायकांनी नाचाच्या जरीकाठी साड्यांचे अस्तर उसवून तोंडपट्ट्या शिवल्या आणि त्या विकल्या. नाच्या पोरींना घरात रियाज करावा तर पंचाईत. बाजूच्या घरात माणूस दगावलेले, तेथे चाळ कसे वाजवावे? तेव्हा वडील बायांनी तोडगा काढला, तो असा : चाळ न बांधता अनवाणी पावले टाकावयाची, आणि ढोलकीवाल्याने ढोलकीऐवजी मांडीवर थाप द्यावयाची. अशी ती मुकी तालीम आम्ही ओसरीतून कैकदा पाहिली. पायाला वजनाची सवय मोडू नये म्हणून एका पोरीने पिंडऱ्यांना वाळूच्या चिंध्या बांधल्या होत्या.

काही तरुण मंडळींनी मोबाइलपुढे नाचून ते चित्र जगभर पाठविले. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. चार पैसे मिळाले असतील तर आनंदच आहे. परंतु शिट्टी नाही, दौलतजादा नाही, समोरून "पुन्हा होऊ द्या" अशी आरोळी नाही, अशी लावणी आम्हांस तरी ताटातल्या चित्रासारखी वाटली. शिवाय हा मार्ग रूपवान व तरुण अशा थोड्यांचा; पेटीवाल्या म्हाताऱ्याला मोबाइलपुढे कोण पाहतो !

सरकारने मोफत धान्य सुरू केले होते. परंतु ज्यांच्याजवळ शिधापत्रिका, आणि तिच्यावर ज्यांचे नाव, त्यांनाच ते मिळावयाचे. वर्षातले आठ महिने फिरतीवर असणाऱ्यांचे नाव कोठेच नसते. एकीची शिधापत्रिका माहेरी, दुसरीची हरवलेली, तिसरीच्या पत्रिकेवर मेलेल्या आईचे नाव आणि जिवंत लेकीचे नाही, असे प्रकार आम्ही अर्ज लिहिता लिहिता पाहिले. आणि प्रत्येक अर्जात रकाना एकच : वडिलांचे नाव. आपल्या समाजातील किती लेकरे आईच्याच नावाने ओळखली जातात, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. (महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे सक्तीचे केले आहे. जी गोष्ट आपल्या घरांत लाजेची म्हणून दडविली गेली, ती आता साऱ्या राज्याची रीत झाली. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा बराच वेळ वर्तमानपत्र तसेच हातात धरून बसलो होतो.)

शाळामास्तर म्हणून एक गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक लागली. शाळा व वसतिगृहे बंद झाली, आणि फडावरच्या बायकांची जी मुले तेथे राहून शिकत होती ती घरी आली. शिक्षण मोबाइलवर सुरू झाले. घरात मोबाइल एक, तोही बहुधा कर्जापायी गहाण पडलेला. मुले एक वर्ष वाट पाहतात, दोन वर्षे पाहत नाहीत. आमच्या परिचयाच्या तीन मुली, तिघीही गणितात चांगल्या, या दोन वर्षांत पुन्हा शाळेच्या दारात गेल्या नाहीत. दोघींची लग्ने वयाआधी लागली. तिसरीच्या पायांत तिच्या आजीनेच चाळ बांधले. चाळ बांधण्यास आमचा विरोध नाही; आमचे सारे घर चाळांवर वाढले. पण शिकून, समजून बांधलेले चाळ निराळे आणि भुकेने बांधलेले निराळे. ही लग्ने लागत होती तेव्हा आम्ही जेवायला गेलो नाही, एवढाच आमचा पुरुषार्थ. तक्रार करावयास हवी होती, केली नाही.

दुसरा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. मधल्या काळात थोडी आशा वाटू लागली होती. ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या प्रेक्षकांवर थिएटरे उघडली, काही बाऱ्या मार्गाला लागल्या, आणि फडमालकांनी नव्याने पैसा उचलून तयारी केली. त्याच पाडव्याच्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी रात्रीपासून कडक निर्बंध जाहीर केले. दुसरी लाट पहिलीहून भयंकर निघाली. सरकारी मोजणीने साऱ्या साथीत महाराष्ट्रात १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांतली पुष्कळ या लाटेत. त्याच मे महिन्यात संगमनेरास कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या. ज्या बाईने पुरुषांच्या बरोबरीने वगांत भूमिका केल्या आणि तुकाराम खेडकरांच्या मागे स्वतःच्या हिमतीवर फड उभा ठेवला, तिच्या अंत्ययात्रेला साथीमुळे गर्दी होऊ शकली नाही. ज्यांच्या खेळाला माणसे मैलोगणती चालत येत, त्यांची ही शेवटची पाठवणी.

एकावर एक दोन वर्षांचे कर्ज चढले. काही सावकारांनी व्याज सोडले, काहींनी मालमोटारी ओढून नेल्या. उचलीच्या पद्धतीला आम्ही आयुष्यभर नावे ठेवीत आलो आहोत. या दोरीनेच कलावंताचा गळा आवळला जातो हे आमचे मत आजही कायम आहे. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टाळेबंदीत कित्येक फडमालकांनी, फड निघण्याची खात्री नसतानाही, आपल्या जुन्या माणसांस थोडी थोडी उचल दिली. ती दिली नसती तर किती चुली विझल्या असत्या कोण जाणे. दोरी गळ्याला होती, आणि बुडताना तीच हाताला लागली.

आणि त्या उचलीचीच एक विचित्र हकीगत आम्हांस सांगावयाची आहे, जिच्यासाठी हा सारा लेख.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने सुमारे ५६ हजार कलावंतांस प्रत्येकी ५००० रुपये एकवेळची मदत मंजूर केली. रक्कम थोडी की फार हा वाद बाजूस ठेवू. आमच्या ओळखीची एक वृद्ध बाई, सत्तरीच्या घरातली, चाळीस वर्षे निरनिराळ्या फडांत गौळणीत मावशीला उत्तरे देणारी, आमच्याकडून अर्ज लिहून घेऊन एका कचेरीत गेली. आम्ही बरोबर होतो. कारकुनाने विचारले, "कलावंत असल्याचा पुरावा ?" बाईने पिशवी उपडी केली. चाळीस वर्षांच्या जाहिरातींचे कागद, तांबडे, पिवळे, हिरवे. प्रत्येक कागदावर फडमालकाचे नाव ठळक, वगाचे नाव त्याहून ठळक, दोन प्रमुख नर्तकींची नावे, सोंगाड्याचे नाव. आणि शेवटी "इतर कलावंत संच". कारकून वाईट मनुष्य नव्हता. त्याने सारे कागद वाचले आणि म्हणाला, "आजी, यात तुम्ही कुठं आहात ?"

बाईने त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

कारकुनाने मान हलविली. आम्हांस पुढे काही बोलता आले नाही. परतताना एस.टी.त आमच्या मनात आले की हिचे नाव जगात कोठे तरी लिहिलेले असेलच. आणि तसे ते होते. फडमालकाच्या उचलीच्या चोपडीत. दर वर्षी, दर श्रावणात : अमुक बाई, मुक्काम अमुक, उचल इतके रुपये, खाली अंगठा. आम्ही त्या मालकाकडे गेलो. भला माणूस, त्याने माळ्यावरून चोपड्यांची ट्रंक काढून दिली. बावीस वर्षांच्या चोपड्यांत बाईचे नाव बावीस वेळा सापडले. नाचली याची नोंद कोठेही नाही. कर्ज घेतले याची मात्र आहे. त्या पानांच्या प्रती, मालकाचा दाखला आणि सरपंचाची सही जोडून पुन्हा अर्ज केला. या खेपेस तो स्वीकारला गेला.

त्या ट्रंकेपुढे बसलो असता आम्हांस आजीच्या बारीतला तुणतुणेवाला आठवला. त्याची तर उचलीची चोपडीसुद्धा उरली नाही. मानमोडीत आपली किती माणसे गेली, कोणती गेली, हे आज कोणास सांगता येणार नाही. आणि या खेपेसही आपण गप्प राहिलो असतो तर शंभर वर्षांनी तेच झाले असते. म्हणून आमच्याच दोन माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून आम्ही एक मोठी वही घातली. पाच रकाने आखले : स्वतःचे नाव, आईचे नाव, मूळ गाव, फड अथवा बारी, आणि काम, नाच, गाणे, ढोलकी, पेटी, सोंग, स्वयंपाक, मोटार हाकणे, जे असेल ते. स्वयंपाकिणीचे नाव कशाला असे एकाने विचारले. फड जेवल्याशिवाय नाचतो काय, एवढेच आम्ही त्यास विचारले.

२२ ऑक्टोबर २०२१ पासून थिएटरे पुन्हा निम्म्याने उघडली. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून राज्यातील सारे निर्बंध उठले, आणि २ एप्रिल २०२२ रोजी तिसरा पाडवा आला. आम्ही मुद्दाम नारायणगावास गेलो. राहुट्या लागल्या होत्या. पूर्वीपेक्षा कमी, कनातींना ठिगळे, काही पाट्यांवर जुनी नावे खोडून नवी घातलेली. दोन वर्षे देवाची जत्रा मोडली म्हणून गावोगावची पंच मंडळी उत्साहाने आली होती. कोणी घासाघीस करीत होते, कोणी विडा घेऊन परत निघाले होते. एका राहुटीत ढोलकीवाला शाई चढविलेले नवे पान उन्हात तापवीत बसला होता. मंडळाच्या वतीने आम्हीही एका कोपऱ्यात टेबल मांडून ती वही ठेवली.

दुपारी ती वृद्ध बाई आली. आता तिच्याने नाचवत नाही. पण पाडव्याला नारायणगाव चुकवावयाचे नाही हा तिचा नेम. आपले नाव कोठे आहे ते दाखवा म्हणाली. दाखविले. वाचता येत नसल्यामुळे तिने त्या ओळीवरून बोट फिरविले आणि रकान्यात काय काय लिहिले ते आमच्याकडून दोनदा वाचवून घेतले. मग विचारले, "गुरुजी, माझा ढोलकीवाला करोनात गेला, त्याचं कुठं लिवलंय ?"

वहीत जिवंतांचेच रकाने होते. आम्ही पट्टी घेतली आणि सहावा रकाना आखला.